अंजिराला तीन वर्षांत फळ नाही : लूक १३ मधला दाखला आणि माझ्या परसातले झाड

परसातली | ५ जून

सर्वांना नमस्कार. पुण्यात वानवडीला आमच्या घरामागे लहानसे परसदार आहे. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, मी तिथे सासवडच्या बाजूने आणलेले अंजिराचे रोप लावले. वडिलांना अंजीर फार आवडत असे. आज ते झाड माझ्या डोक्याच्या वर गेले आहे, त्याची पाने ताटलीएवढी रुंद आणि गर्द हिरवी आहेत, पण फळ अजून एकही धरलेले नाही.

गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय वाचला गेला. द्राक्षमळ्यातले अंजिराचे झाड, तीन वर्षे फळ पाहण्यास येऊन रिकाम्या हाताने परतणारा आणि ते तोडून टाक म्हणणारा धनी, आणि आणखी एक वर्ष ते राहू द्या, मी त्याच्याभोवती खणून खत घालीन, असे विनवणारा माळी. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण ‘तीन वर्षे’ हे शब्द या वेळी मला बाकावर बसल्या जागी लागले. घरी आल्यावर कपडे न बदलताच मी झाडापाशी जाऊन उभी राहिले.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला बागेचा : या झाडाला फळ का येत नसावे? दुसरा मला अधिक छळतो. संडे स्कूलमधल्या माझ्या वर्गातल्या मुलांना या झाडाजवळ आणून हा दाखला शिकवावा, असे माझ्या मनात आहे. परंतु रोपाच्या वाढीत आपल्याला जो आध्यात्मिक धडा दिसतो, तो खरोखर तिथे असतो, की आपण आपल्या मनातले झाडाच्या तोंडी घालतो? आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

दिवेघाट | ५ जून

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका माझा अभ्यास नाही. पहिल्यासाठी आधी तीन गोष्टी सांगा. झाडाला थेट ऊन किती तास मिळते? पाणी किती दिवसांनी देता? खत कोणते आणि किती घातले? आमच्या पुरंदर तालुक्यात अंजीर हे घरोघरीचे पीक आहे, आणि फळ न धरण्याचे कारण बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकात सापडते.

शास्त्रपाठ | ६ जून

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. हा दाखला समजून घ्यायचा तर सहाव्या वचनाच्या मागे जावे लागते. त्याच अध्यायाच्या आरंभी काही लोक प्रभूला रोमी सुभेदार पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी सांगतात, आणि प्रभू स्वतः शिलोहाचा बुरूज कोसळून ठार झालेल्या अठरा जणांचा उल्लेख करतो. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते म्हणून मेले असे नाही, परंतु तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, असे तो दोनदा बजावतो. त्यानंतर लगेच हे झाड येते. म्हणजे हा इशारा आहे. परसात उभे राहून मनाला दिलासा मिळावा म्हणून तो वाचला, तर त्यातली कुऱ्हाड नाहीशी होते. मुलांना झाड जरूर दाखवा, मात्र त्यांना अर्धाच दाखला शिकवू नका.

ओवी | ६ जून

मी ख्रिस्ती नाही, तरी हा धागा आवडीने वाचत आहे. आमच्याकडे अरणच्या सावता महाराजांनी आपल्या मळ्यातच विठोबा पाहिला, तेव्हा झाडाजवळ देवाचे नाव घेणे मला परके वाटत नाही. एक शंका मात्र विचारते. प्रभू येशूने एका अंजिराला शाप दिल्याची कथा मी ऐकली आहे, आणि तेव्हा अंजिरांचा हंगामही नव्हता म्हणे. मग त्या झाडाचा दोष कोणता?

नीलमोहर | ६ जून

जाता जाता एक माहिती. अंजिराचे फूल आपल्याला कधीच दिसत नाही, कारण ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतच शेकडो बारीक फुले असतात. उंबराचेही तसेच असते, आणि म्हणूनच क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो.

परसातली | ७ जून

दिवेघाटदादा, उत्तरे अशी : पश्चिमेला शेजारची इमारत उभी राहिल्यापासून दुपारनंतरचे ऊन येत नाही, सकाळी तीन-चार तास मिळते. पाणी मी रोज संध्याकाळी न चुकता देते. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे खत आहेच, शिवाय रोपवाटिकेतून सांगितल्यावरून दर दीड महिन्याला मूठभर युरिया घालते. छाटणी कधीही केलेली नाही, कारण वडिलांच्या आठवणीच्या झाडावर कात्री चालवण्याचे धैर्य झाले नाही.

दिवेघाट | ७ जून

आता उलगडा झाला. युरियातून नुसते नत्र मिळते, आणि नत्र जास्त झाले की झाड पानांच्या मागे लागते. रोजच्या पाण्याने त्याला विसावा मिळत नाही. अंजीर नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात धरते, त्यामुळे जुनी फांदी न छाटल्यास शेंडे लांबत जातात आणि फळाची फूट कमी येते. आमच्याकडे पावसाळ्यातला खट्टा बहार आणि उन्हाळ्यातला मीठा बहार असे दोन बहार धरतात. गोडी मीठ्या बहाराला. तो धरायचा असेल तर पाऊस ओसरताना पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग छाटणी करायची, आळे खणून शेणखत भरायचे आणि पुन्हा पाणी सुरू करायचे.

तुमच्या झाडात खोट नाही. त्याला जे मिळाले, त्याचीच त्याने पाने केली. युरिया आजपासून बंद करा. पाऊस सुरू झाला की वरून पाण्याची गरज राहणार नाही. छाटणीसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबा.

शास्त्रपाठ | ८ जून

ओवीताई, तुम्ही विचारलेला प्रसंग मार्ककृत शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात आहे आणि त्यावर अभ्यासकांचे अनेक शतके एकमत झालेले नाही. एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या देशात वसंतात अंजिराला पाने फुटतात तेव्हाच मागच्या वर्षीच्या फांदीवर लहान कच्ची फळे दिसू लागतात. येशूचा तो प्रवास ज्या बेथफगे गावाजवळून झाला, त्याच्या नावाचा अर्थही सामान्यतः ‘कच्च्या अंजिरांचे घर’ असा सांगतात. त्यामुळे पानांनी भरलेल्या झाडावर कच्ची फळेही नसणे म्हणजे दुरून दाखवलेली समृद्धी आणि आत काहीच नाही, असा अर्थ लावला जातो. मार्काने ही कथा येशूने व्यापाऱ्यांना हाकलून मंदिर शुद्ध करण्याच्या प्रसंगाच्या दोन्ही बाजूंना विभागून ठेवली आहे. त्यावरून ती झाडापेक्षा मंदिराविषयी अधिक बोलते, असे माझे मत आहे.

परसातली यांच्यासाठी आणखी एक मुद्दा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात नवे फळझाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ खाऊ नये, चौथ्या वर्षीचे परमेश्वराच्या स्तुतीसाठी पवित्र मानावे आणि पाचव्या वर्षापासून खावे, असा नियम आहे. दाखल्यातल्या धन्याची तीन वर्षे या वर्षांनंतरची असतील, तर ते झाड तुमच्या झाडापेक्षा बरेच जुने होते. म्हणून तुमच्या तीन वर्षांची त्या तीन वर्षांशी घाईने सांगड घालू नये.

कातरवेळ | ९ जून

मी इथे सहसा लिहीत नाही. दिवेघाट यांनी छाटणीचा विषय काढला, म्हणून लिहीत आहे.

माझे पती चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हा आमची मुलगी सहावीत होती. दफनविधीनंतर घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने माझा हात हातात घेऊन मला योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातले वचन ऐकवले : फळ देणाऱ्या प्रत्येक फांदीला अधिक फळ यावे म्हणून पिता ती साफसूफ करतो. मग ती व्यक्ती म्हणाली, ‘देव तुझी छाटणी करत आहे.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे मी जाणते. परंतु त्या दिवसापासून पुढे वर्षभर मला तो अध्याय वाचता आला नाही. माझे पती म्हणजे माझ्या फळासाठी कापून टाकलेली फांदी होते काय, हा प्रश्न मी रात्री-रात्री विचारत असे.

झाडाच्या वाढीत धडे शोधण्याला माझा विरोध नाही. आमच्या गॅलरीत मोगरा आहे, आणि तो मला रोज सकाळी देवाचे उपकार मानायला लावतो. माझे म्हणणे इतकेच आहे की असा धडा माणसाला स्वतःसाठी सापडू द्यावा. दुसऱ्याच्या दुःखावर तो आपण उचलून ठेवला, तर त्याचे ओझे किती होते हे ठेवणाऱ्याला कळत नाही.

परसातली | ९ जून

कातरवेळताई, तुमचे लिहिणे मी तीनदा वाचले. मुलांसमोर उभी राहीन तेव्हा ते माझ्या मनात असेल.

मांजरीकर | १० जून

माझे आयुष्य द्राक्षांत गेले. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावात सुरू झाले, त्याच्याही आधीपासून मी नारायणगावच्या बाजूच्या बागांत कामाला जात होतो. त्या अनुभवावरून कातरवेळ यांच्याशी दोन शब्द बोलतो.

महाराष्ट्रात द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यापासून पुढच्या फळासाठी काड्या तयार होतात. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, आणि घड तिच्यानंतर येतात. एप्रिलच्या छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते आणि पाहुण्याला वाटते की हिचा सत्यानाश केला. कापलेल्या टोकातून पाणीही ठिबकते. पण कात्री हातात घेण्यापूर्वी जाणता माणूस प्रत्येक काडीपाशी थांबतो, कोणत्या डोळ्यापर्यंत, म्हणजे नवी फूट येणाऱ्या कोंबापर्यंत, कापायचे ते बोटाने चाचपतो आणि मगच कापतो. त्याची नजर टाकायच्या भागावर नसते, राखायच्या डोळ्यावर असते. नव्या मजुराला आम्ही पहिल्या वर्षी कात्री देत नव्हतो.

त्या अध्यायात माळी एकच आहे, आणि तो पिता आहे. वेल म्हणजे प्रभू येशू, आणि आपण सगळे त्याचे फाटे, म्हणजे फांद्या आहोत. एका फाट्याने शेजारच्या फाट्याला ‘तुझी छाटणी चालली आहे’ असे सांगावे, हे त्या वचनात कुठे आहे ते मला दिसत नाही. आपले यजमान ही कापून फेकलेली काडी नव्हती, ताई. ते स्वतः त्या वेलात होते आणि आहेत.

कातरवेळ | १० जून

आपले फार आभार, काका. हे मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवे होते.

शास्त्रपाठ | ११ जून

मांजरीकर यांनी जे सांगितले त्याला मूळ भाषेचाही आधार आहे. योहान १५:२ मध्ये ‘साफसूफ करतो’ यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, ते ‘काथाइरेइ’, आणि पुढच्याच वचनात प्रभू शिष्यांना म्हणतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध आहात. तिथला शब्द ‘काथारोइ’ त्याच मुळातून आला आहे. म्हणजे ज्या साधनाने साफसफाई होते ते तिथे वचन आहे. कुणाचा मृत्यू हे ते साधन असल्याचे तिथे म्हटलेले नाही.

आता मला माझ्या पहिल्या उत्तरात भर घालायची आहे, कारण मी इशाऱ्यावर जोर दिला आणि माळ्याला एका बाजूला ठेवले. लूक १३:८ मध्ये माळी ‘राहू द्या’ असे म्हणतो, तिथे ग्रीकमध्ये ‘आफेस’ हा शब्द आहे. वधस्तंभावरून प्रभू ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ अशी प्रार्थना करतो, तिथेही लूकने हाच शब्द लिहिला आहे. सोडून देणे, राहू देणे आणि क्षमा करणे हे तिन्ही अर्थ त्यात सामावतात. दुसरी गोष्ट अशी की धनी माळ्याला ‘तोडून टाक’ अशी आज्ञा करतो, परंतु शेवटी माळी ‘मी तोडीन’ असे म्हणत नाही. मुळात तिथे ‘तुम्ही तोडाल’ असा अर्थ आहे. कुऱ्हाड आहे, ती नाकारता येत नाही, पण माळी ती स्वतःच्या हातात घेत नाही. त्याच्या हातात कुदळ आणि खत आहे.

पुढे फळ आले की नाही, हे दाखला सांगत नाही.

शेवंती | ११ जून

मुलांविषयी लिहिते, कारण मीही पंधरा वर्षे संडे स्कूल घेत आहे. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायांना कळावे म्हणून. माझ्या वर्गासाठी मी तीच कसोटी लावते : शब्द मुलाच्या हाताला लागतो का? ‘त्याच्याभोवती खणून खत घालीन’ हे वचन शहरातल्या मुलाच्या कधीच हाताला लागलेले नसते. म्हणून धडा सांगण्याआधी त्यांच्या हातात खुरपे द्या. शेणखताचा वास येऊ द्या. मुळाला धक्का न लावता आळे खणणे किती जपून करावे लागते ते त्यांना कळू द्या. नंतर वचन वाचा आणि थोडा वेळ गप्प राहा. आमच्या वर्गात असे केले, तेव्हा एका मुलाने विचारले होते, ‘माळ्याला हे वर्षभर एकट्यालाच करावे लागले का?’ या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती, आणि त्या दिवशी त्यावरच आमचा सगळा तास गेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर यातच आहे. झाडाकडे नीट न पाहता काढलेला धडा आपण त्याच्या तोंडी घातलेला असतो. त्याला काय हवे, काय नको, हे समजून घेण्यात वर्ष घालवले तर शास्त्रातले शब्द आपोआप त्याच्यापाशी येऊन थांबतात, कारण ते बोलणारा प्रभू स्वतः बी, माती, वेल आणि अंजीर जवळून पाहिलेला होता.

परसातली | २३ ऑगस्ट

झाडाची बातमी देते. पावसात पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी भुकटी धरली आणि पाने भराभर गळाली. मी फार घाबरले आहे.

दिवेघाट | २३ ऑगस्ट

हा तांबेरा नावाचा बुरशीचा रोग आहे, पावसाळी हवेत अंजिरावर येतोच. गळलेली पाने गोळा करून परसाबाहेर टाका, तिथेच कुजू देऊ नका. बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या द्रावणाची, फवारणी पाऊस उघडेल त्या दिवशी करा. झाड मरत नाही.

परसातली | १९ ऑक्टोबर

काल छाटणी केली. पंधरा दिवस पाणी तोडले होते. दिवेघाटदादांनी फोटोवर खुणा करून दिल्या होत्या, तरी पहिल्या फांदीला कात्री लावताना माझा हात थांबला. कापलेल्या जागी पांढरा चीक आला. हातमोजे घाला असे त्यांनी आधीच बजावले होते, कारण त्या चिकाने कातडीची आग होते.

त्यानंतर वर्गातली सात मुले आली. त्यांनी आळे खणले आणि शेणखत भरले. शेवंतीताईंच्या सांगण्याप्रमाणे मी वचन शेवटी वाचले. शास्त्रपाठ सर, बुरुजाखाली सापडलेल्या अठरा जणांविषयीही वाचले, ते गाळले नाही. आजोबांच्या झाडाला आपण कापले म्हणून ते रागावतील का, असे माझ्या भाचीने विचारले. ते असते तर त्यांनीच कात्री हातात घेतली असती, असे मी तिला सांगितले, आणि सांगताना मला जाणवले की ते खरेच आहे. तीन वर्षे मी या झाडाला आठवण म्हणून जपत होते, आणि आठवणीला कोणी फळ मागत नाही. झाडाला मागावे लागते.

बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातले ३ ऱ्या अध्यायाचे वचन त्या रात्री वाचून झोपले : अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ आले नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. उन्हाळ्यात फळ नाही आले तरी हे वचन माझ्याजवळ असावे, म्हणून ते आधीच पाठ करून ठेवत आहे.

मांजरीकर | १९ ऑक्टोबर

छान केलेत. आता रोज जाऊन डोळे मोजू नका.

परसातली | १४ जानेवारी

सहा नव्या फांद्यांवर पानांच्या बेचक्यात बोराएवढ्या हिरव्या गाठी दिसत आहेत. आज मोजल्या तेव्हा एकोणीस होत्या, परवा तेवीस होत्या. चार खाली पडलेल्या सापडल्या. काही चुकत आहे का?

दिवेघाट | १४ जानेवारी

थोडी गळ होतेच. पाणी एकदम वाढवू नका आणि एकदम तोडूही नका, बेताने सारखे द्या. फळ फुगू लागले की बुलबुल येतील आणि रात्री वटवाघळे, तेव्हा आताच जाळी आणून ठेवा.

कातरवेळ | १५ जानेवारी

वाचून डोळे भरून आले. पहिले फळ पिकले की इथे जरूर कळवा, ताई.

परसातली | १८ जानेवारी

जाळी आणली. काल मुलांबरोबर लेवीय १९ पुन्हा वाचला, तेव्हा शास्त्रपाठ सरांनी सांगितलेल्या नियमाच्या आधी, त्याच अध्यायात, शेताच्या कडेचे पीक आणि द्राक्षमळ्यात राहिलेली फळे गरीब व परदेशी यांच्यासाठी सोडावीत, अशी आज्ञा त्यांना सापडली. आता त्यांचा आग्रह आहे की एक फांदी जाळीबाहेर ठेवावी, पाखरांसाठी आणि फाटकापाशी थांबणाऱ्या कोणासाठीही. दिवेघाटदादा, कोणती ठेवू? भिंतीकडची, की फाटकाकडची?

दिवेघाट | १८ जानेवारी

फाटकाकडची ठेवा. तिला सकाळचे ऊन मिळते, तिचे फळ आधी पिकेल.